पापुद्रे सुटताना

लग्नसराईच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. पदर नाकापर्यंत ओढलेला असतो, डोळे तेवढे उघडे असतात, आणि खोलीचे दार लोटून घेतल्याखेरीज तो पदर खाली येत नाही. मग दिसते ते असे : हनुवटीवर, ओठांच्या कोपऱ्यांशी आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीचे पातळ, पांढरट पापुद्रे सुटलेले, काही ठिकाणी ते नखाने ओढून काढलेले, आणि तिथे खालची त्वचा लाल, चकचकीत, आग होणारी. "डॉक्टर, तोंड सोलून निघालंय बघा," हे वाक्य ठरलेले. चार-पाच दिवसांपूर्वी सोलापूरला, पंढरपूरला किंवा पुण्याला लेकीकडे गेलेल्या असताना चेहऱ्यावर 'केमिकल पील' करून घेतलेले असते.

पूर्वी ही तक्रार घेऊन लग्न ठरलेल्या मुली येत. आता त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या आयाही येतात आणि क्वचित आज्याही. गालांवरचे वांग, कपाळावरचे काळसर डाग, शेतातल्या उन्हाने रापलेला वर्ण, यांचा त्यांना कंटाळा आलेला असतो. एक निवृत्त शिक्षकही आले होते. सत्कार-समारंभ तोंडावर होता आणि कानशिलांवरचे डाग छायाचित्रात दिसू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

अशा वेळी सोबत आलेल्या माणसांचे चेहरे मी मुद्दाम पाहतो. बहुधा तिथे एक दबलेले हसू असते. "या वयात आता कशाला हा उद्योग?" असे कुणीतरी म्हणतेच. वाचकहो, आपण कुणाची शुश्रूषा करत असाल, तर माझी पहिली विनंती ही की हे वाक्य निदान आठ दिवस तरी उच्चारू नये. शिष्टाचार म्हणून नव्हे; त्याला वैद्यकीय कारण आहे. ज्या वृद्ध व्यक्तीची घरात थट्टा होते, ती व्यक्ती आग होत असताना सांगत नाही, पू दिसला तरी पदराआड लपवते, आणि लवकर 'बरे दिसावे' म्हणून न्हाणीघरात एकटीच पापुद्रे खरवडत बसते. पीलनंतरचे जे बिघाड मी पाहिले, त्यांतले पुष्कळसे या लपवाछपवीतून आलेले आहेत. सत्तराव्या वर्षी आरशात पाहावेसे वाटणे हा मला तरी प्रकृती ठीक असल्याचाच पुरावा वाटतो. नैराश्याने ग्रासलेला माणूस आरसा टाळतो.

आता हे पील म्हणजे नेमके काय, ते पाहू. त्वचेवर आम्ल लावून तिचा वरचा थर ठरावीक खोलीपर्यंत मोकळा करायचा, म्हणजे खालून नवी त्वचा वर येते, एवढेच त्याचे तत्त्व. ऐकायला भयंकर वाटते; पण ही आम्ले आपल्या ओळखीची आहेत. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात असते, लॅक्टिक आम्ल दह्यात, टार्टारिक आम्ल द्राक्षांत आणि चिंचेत. ऊस आणि द्राक्षे पिकवणाऱ्या आपल्या सोलापूर जिल्ह्याला ही नावे परकी वाटण्याचे कारण नाही. अर्थात बाटलीतले आम्ल कारखान्यात तयार होते आणि त्याची तीव्रता दह्याच्या अनेक पट असते; तेव्हा उसाचा रस तोंडाला फासून काही साधत नाही, मुंग्या मात्र जमतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे त्वचेवरील परिणाम नोंदवले, आणि आजची पद्धत तिथून विकसित होत आली. आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये पीलसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा रोख स्पष्ट आहे : हे काम प्रशिक्षित डॉक्टराने करावे, आधी काही आठवडे त्वचेची तयारी करून घ्यावी, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर फार खोल पील करू नये.

हे 'आपल्या वर्णाच्या' शब्द नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी अतिशय तापट असतात. भाजणे, ओरखडा, पुरळ, नुसते जोराने चोळणे, काहीही झाले तरी त्या जास्तीचा रंग तयार करतात आणि तिथे काळा डाग ठेवून जातात. गोऱ्या कातडीच्या लोकांत जे लाल होऊन महिन्याभरात विरते, ते आपल्याकडे काळे होऊन सहा महिने राहू शकते. ज्या डागासाठी पील केले, त्याहून मोठा डाग पीलनंतरच्या निष्काळजीपणातून पदरी येतो तो असा.

हलक्या पीलनंतर पहिले एक-दोन दिवस त्वचा ओढल्यासारखी, ताणल्यासारखी वाटते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पापुद्रे सुटू लागतात आणि बहुधा आठवड्याच्या आत संपतात. पील मध्यम खोलीचे असेल तर कातडी आधी तपकिरी, कडक होते आणि मग तिचे मोठे पोपडे निघतात. त्याला सात ते दहा दिवस, आणि लाली जायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. सुरुवात तोंडाभोवती होते, कारण बोलताना, जेवताना तिथली त्वचा सतत हलते. मग गाल, मग कपाळ, आणि शेवटी केसांची कड. हा क्रम ठाऊक नसल्याने घरची माणसे घाबरतात : "हनुवटी बरी झाली, आता कपाळाला लागण झाली." ती लागण नसते, कपाळाची पाळी आलेली असते.

वृद्धांच्या बाबतीत या वेळापत्रकात थोडी भर घालावी लागते. तारुण्यात त्वचेची नवी पेशी तळापासून पृष्ठभागापर्यंत यायला साधारण चार आठवडे घेते. साठीनंतर तोच प्रवास सहा आठवडे किंवा त्याहूनही लांबतो. शिवाय तैलग्रंथी मंदावलेल्या असतात, त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. नातीचे पापुद्रे पाचव्या दिवशी संपले म्हणून आजीचेही संपावेत, हा आग्रह चुकीचा.

आपल्या भागात उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकतो, तेव्हा काळ्या मातीचे पोपडे कडेने वर वळतात. जो पोपडा पुरता सुकला आहे तो बोटाने हलवताच सुटतो. ज्याची एक कड सुकली आहे आणि मधला भाग अजून ओला आहे, तो ओढला की खालचा चिखल घेऊन येतो. चेहऱ्यावरचा पापुद्राही अगदी असाच असतो. कड सुटली म्हणजे तो पिकला असे नव्हे. त्याच्या खाली नवी त्वचा अजून विणली जात असते, आणि ती पुरती होईपर्यंत हा मेलेला थर तिच्यावर मलमपट्टीचे काम करत असतो. तो ओढून काढणे म्हणजे जखमेवरची पट्टी फाडणे. लोंबणारा तुकडा फारच खटकत असेल, खाता-बोलताना ओठाला लागत असेल, तर स्वच्छ लहान कात्रीने तेवढाच कापावा, ओढू नये. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धी शुश्रूषा झाली.

आणि तीच पाळली जात नाही. भीमेच्या काठच्या एका गावातील आज्जींचे उदाहरण सांगतो. वय सहासष्ट, बारा वर्षांचा मधुमेह. नातीच्या लग्नाआधी त्यांनी शहरातल्या पदवीधर त्वचारोगतज्ज्ञांकडून पील करून घेतले होते, आणि ते व्यवस्थित झालेले होते. घरी काय करावे याचा छापील कागदही दिलेला होता. पण तो इंग्रजीत, आणि पिशवीत घडी घालून ठेवलेला. तिसऱ्या दिवशी पापुद्रे सुटू लागल्यावर सुनेने मायेने बेसन, हळद आणि साय कालवली आणि अंघोळीच्या वेळी सासूबाईंचा चेहरा चांगला रगडून दिला. वर टर्किश टॉवेलने खसाखसा पुसला. सूनबाईंच्या मनात प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते. दिवाळीत आपण सगळेच उटणे याच पद्धतीने लावतो. पाचव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही गालांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरलेल्या होत्या, डाव्या डोळ्याखाली सूज होती, आणि रक्तातली साखर दोनशे ऐंशीच्या वर होती. प्रतिजैविके सुरू केली, साखर आटोक्यात आणली, त्याच दिवशी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे परत पाठवले. संसर्ग आठ दिवसांत ओसरला. डाव्या गालावरचा काळा पट्टा मात्र लग्नातही होता आणि नंतरच्या दिवाळीतही होता. त्या स्वतः फारसे काही बोलल्या नाहीत. सून मात्र पुढच्या प्रत्येक भेटीत माझ्या टेबलाशी उभी राहून रडत असे, आणि सासू तिच्या पाठीवर हात ठेवी.

त्यानंतर मी एक पद्धत पाडली आहे. रुग्णाकडे असलेला इंग्रजी कागद मागून घ्यायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यायचा. आपणही पील करण्याआधीच, कुठेही गेलात तरी, सूचना मराठीत मागा. लाजू नका. आणि तो कागद पिशवीत न ठेवता न्हाणीघराच्या दाराला चिकटवा.

काळजी कशी घ्यावी, याचे उत्तर काहीसे निराश करणारे आहे, कारण करण्यासारखे त्यात थोडेच असते. चेहरा दिवसातून दोनदा गार किंवा जेमतेम कोमट पाण्याने, हाताने, न चोळता धुवावा. आपल्या तालुक्यात, विशेषतः दक्षिणेकडील दुष्काळी गावांत, बोअरचे पाणी क्षारांनी जड असते आणि ते आधीच कोरड्या त्वचेला अधिक कोरडे करते. आठवडाभर चेहऱ्यापुरते तरी पिण्याचे पाणी वापरावे; तांब्याभर पुरते. साबण नको, डॉक्टरांनी सौम्य क्लीन्झर दिला असेल तर तो चालेल. पुसायला जुन्या धोतराचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा सर्वांत उत्तम. घासायचे नाही, नुसता टिपकागदासारखा दाबायचा. त्वचा किंचित ओलसर असतानाच डॉक्टरांनी सांगितलेले मलम किंवा बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावावे. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि बहुतेकांना चालते. मात्र तिचा नवा डबा उघडावा. ज्या डबीत घरातल्या सगळ्यांनी टाचांच्या भेगांसाठी बोटे घातली आहेत, ती डबी चेहऱ्यासाठी नको. दिवसातून चार-पाच वेळा पातळ थर लावला की पापुद्रे मऊ राहतात, खाज कमी होते, आणि हात आपोआप चेहऱ्याकडे जाईनासे होतात.

लिंबू, टूथपेस्ट, तुरटी, मुलतानी माती, राख यांपैकी काहीही लावू नये. हळदीबद्दल मला नेहमी विचारले जाते. धडधाकट त्वचेवर ती लावा, माझी हरकत नाही. उघड्या, सोललेल्या त्वचेवर दळलेली कोणतीही पूड म्हणजे कणीदार कचराच. कोरफडीचा गर थेट पान कापून लावल्यास त्यातल्या पिवळ्या चिकाने काहींना आग होते. पील आम्लाने झालेले असताना त्यावर पुन्हा लिंबासारखे आम्ल चोळणे तर काही केल्या समजत नाही, पण ते होते.

स्वयंपाकघराकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. उष्णतेनेही रंगपेशी चिडतात, केवळ उन्हाने नव्हे. आपल्याकडे भाकरी थापणे आणि भाजणे म्हणजे अर्धा-पाऊण तास तव्यावर वाकून बसणे. ज्या बाईचा चेहरा चार दिवसांपूर्वी सोलला गेला आहे, तिला चुलीसमोर बसवू नये. हे मी सांगितले की नवरोबा मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी भाकरी तीच बाई थापत असते. म्हणून मी आता स्पष्ट विचारतो, की आठ दिवस भाकरी कोण करणार? नाव सांगितल्याशिवाय उठू देत नाही. सर्दी झाली म्हणून वाफ घेणे, कढत पाण्याने डोक्यावरून अंघोळ, याही गोष्टी तेवढे दिवस थांबवाव्यात. पुरुषांनी पापुद्रे पूर्ण थांबेपर्यंत दाढी करू नये. त्या शिक्षकांनी सत्काराला वाढलेल्या पांढऱ्या दाढीनिशी जाणे पसंत केले, आणि ती त्यांना शोभली असे ऐकले.

कुंकवाचा प्रश्न नाजूक आहे. सौभाग्यवती वृद्धेला "कपाळ मोकळे ठेवा" असे सांगणे आपल्याकडे सोपे नाही. एका आज्जींनी मला सरळ सुनावले, "मालक बसलेत की वो बाहेर, आन् कपाळ मोकळं ठिवू व्हय?" युक्तिवादाने हे सुटत नाही. परंतु बाजारातले कुंकू आणि टिकलीमागचा डिंक, दोन्हींमुळे नुकत्याच आलेल्या कोवळ्या त्वचेवर खाज, पुरळ उठू शकते, आणि टिकलीच्या काही डिंकांतील रसायनांनी कायमचा पांढरा ठिपकाही पडतो. त्यावरचा उपाय पीलच्या आधी करता येतो : भुवयांच्या मधली कुंकवाएवढी जागा सोडून पील करावे, असे डॉक्टरांना आधीच सांगावे. हे सांगितल्यावर त्या आज्जींची दुसऱ्या खेपेची अडचण मिटली. पहिल्या खेपेला त्यांनी आठ दिवस देवघरातल्या तुळजाभवानीच्या तसबिरीला दोन बोटे जास्तीचे कुंकू लावले, आणि आपल्या कपाळाचे तिला सांभाळायला दिले आहे, असे घरात जाहीर केले. औषधांच्या पुस्तकात हे कुठे नाही. परंतु गुण आला.

चष्मा वापरणाऱ्यांनी नाकावर ज्या ठिकाणी चष्म्याच्या पट्ट्या टेकतात, तिथे विशेष लक्ष ठेवावे. झोपेत खाजवण्याची सवय असेल, किंवा विस्मरणामुळे 'हात लावू नका' ही सूचना टिकत नसेल, तर नखे बारीक कापून कानशी फिरवावी आणि रात्री हातांत मऊ सुती हातमोजे घालावेत. उशीचा अभ्रा रोज बदलावा. ओरडण्याचा उपयोग होत नाही. हाताला जपमाळ, कापसाच्या वाती, निवडायचे धान्य असे काही काम दिले की ते चेहऱ्यावरून उतरतात.

उन्हाविषयी थोडक्यात सांगून भागणार नाही. मंगळवेढ्याचे ऊन आपण जन्मभर अंगावर घेतलेले असते, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. परंतु नव्या त्वचेने ते कधीच पाहिलेले नसते. सकाळी दहा ते चार या वेळात बाहेर पडणे टाळावे, पडलेच तर छत्री हवी. नुसता पदर पुरत नाही. हलके पील असेल तर डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून, आणि खोल असेल तर त्वचा पूर्ण भरून आल्यावर, सनस्क्रीन रोज लावावे. ते किमान तीस एसपीएफचे असावे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात; लोक वाटाण्याएवढे लावतात आणि मग उपयोग झाला नाही म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, आणि हे काही महिने चालू ठेवावे. खर्च होतो, हे खरे. तो झेपणार नसेल तर पीलच करू नये, असे माझे मत आहे, आणि ते मी रुग्णांना तोंडावर सांगतो. उन्हाळ्यात पील करू नये, हेही. लग्न मे महिन्यात असेल तर हौस हिवाळ्यातच भागवावी, आणि कार्याच्या निदान महिनाभर आधी सारे उरकलेले असावे.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते. त्याने, तसेच डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांपुढे ठेवायची. साखर किती आहे, ओठांवर पूर्वी कधी पाणी भरलेल्या बारीक फोडांची नागीण उठली होती का, चेहऱ्याला वा मानेला कधी किरणोपचार झाले होते का, हे विचारले नाही तरी सांगायचे. ओठांवरची नागीण पीलनंतर उसळून साऱ्या चेहऱ्यावर पसरू शकते, आणि आधी ठाऊक असेल तर तिला गोळ्यांनी रोखता येते.

आता कटू बोलणे. माझ्याकडे 'पील' म्हणून येणारे सगळेच चेहरे पीलचे नसतात. काहींनी मैत्रिणीने दिलेली, नाव नसलेल्या डबीतली क्रीम महिनोन्‌महिने लावलेली असते. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि क्रीम बंद करताच चेहरा पेटल्यासारखा लाल होऊन सोलू लागतो. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये स्टेरॉइड असलेली चौदा मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती घरात येतातच. २०२३ च्या सुरुवातीस अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे चेहरा उजळवण्याच्या क्रीममुळे बिघडल्याचे वृत्त आपण वाचले असेल; तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला होता. घरबसल्या मागवायच्या पीलच्या बाटल्यांचेही तेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये, तीव्र आम्लांची अशी उत्पादने डॉक्टरांच्या देखरेखीविना वापरू नयेत, असा इशारा दिला. परदेशातली मुले प्रेमाने आईसाठी अशा बाटल्या घेऊन येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

एक आडवळण घेतो. हातांच्या पाठी, मनगटे आणि गळ्याभोवती, म्हणजे उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर, दोन्ही बाजूंना सारखीच काळसर, सोलणारी त्वचा दिसली आणि जोडीला जुलाब, विसराळूपणा असेल, तर त्याचा चेहऱ्याच्या हौसेशी काहीही संबंध नसतो. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा, पेलाग्रा नावाचा विकार असू शकतो. मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनी गरिबांत तो दिसतो, याकडे हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये जगाचे लक्ष वेधले होते. मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार. पण भाकरीला दोष देऊ नये. तिच्यासोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की पुरते. आज हा विकार प्रामुख्याने दारू पिणाऱ्यांत, एकटे राहून अर्धपोटी जेवणाऱ्या वृद्धांत आणि क्षयाची आयसोनियाझिड ही गोळी चालू असलेल्यांत क्वचित सापडतो. शेजारच्या एकट्या आजोबांचे हात असे दिसले, तर मॉइश्चरायझर न देता त्यांना दवाखान्यात आणावे.

पील झालेल्या चेहऱ्याकडे परत येऊ. घरच्या माणसांनी रोज सकाळी एकदा, खिडकीशी, उजेडात तो नीट पाहावा. रोज त्याच जागी मोबाइलवर छायाचित्र काढले तर फरक चटकन कळतो. आग आणि लाली दिवसागणिक उतरत गेली पाहिजे. दोन दिवसांनंतर ती उलट वाढत असेल, पिवळी खपली किंवा पू दिसत असेल, एखादा भाग राखी वा काळपट पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाच जागची लाली तीन आठवड्यांनंतरही टिकून असेल, ती खाजत असेल आणि बोटाला कडक लागत असेल, तर तिथे व्रण धरू पाहतो आहे असे समजून दाखवावे; लवकर दाखवल्यास तो थोपवता येतो. पील जिथे केले तिथे जाणे शक्य नसेल, तर सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. मधुमेह असणाऱ्यांनी या काळात साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी.

आणि पाणी भरलेल्या बारीक फोडांचे घोस, विशेषतः डोळ्यालगत, ताप, थंडी, किंवा डोळा उघडेना इतकी सूज, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची एसटी धरू म्हणून थांबू नये. रात्रीच निघावे, आणि निघताना गोळ्यांची ती पिशवी व न्हाणीघराच्या दारावरचा कागद सोबत घ्यावा.